कॅन्सर बरा झाला, मग हिमोग्लोबिन का वाढेना? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: डॉक्टर, आईचं वय ६८. सात वर्षांपूर्वी तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, मग किमो, मग रेडिएशन आणि नंतर पाच वर्षं रोजची गोळी. सगळं नीट पार पडलं, दरवर्षी चेकअप होतं, मॅमोग्राफी नॉर्मल, मध्यंतरी पेट स्कॅन केला तोही क्लिअर आला. पण गेलं वर्षभर ती सारखी थकलेली असते, जिना चढली की दम लागतो, आणि हिमोग्लोबिन ११.८ वरून घसरत घसरत आता ९.२ वर आलंय. फॅमिली डॉक्टरांनी आयर्न-फॉलिकच्या गोळ्या दिल्या, पाच महिने झाले, फरक शून्य, उलट पोट बिघडतं. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, फॅमिली डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं. तिला डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन दहाएक वर्षं चालू आहे, ॲसिडिटीची गोळीसुद्धा रोज घेते. रिपोर्ट लिहिते: हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही १०४, पांढऱ्या पेशी ३४००, प्लेटलेट १ लाख २० हजार, फेरिटिन ३१०, बी-१२ २३०, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) १.०. कॅन्सर परत आलाय का? नेमकं कुणाकडे जायचं तेच कळत नाहीये.

उत्तर: वयामुळे हिमोग्लोबिन ९.२ होत नाही, हे आधी सांगून टाकते. वय वाढलं की ॲनिमिया जास्त जणांत सापडतो हे खरं, पण त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं आणि ते शोधायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा बाईसाठी १२ आणि पुरुषासाठी १३ अशी आहे, आणि ज्येष्ठांनाही डॉक्टर साधारण तीच लावतात. त्यामुळे "वय झालंय" हे उत्तर सगळ्या तपासण्या झाल्यावर, अगदी शेवटी यायला हवं, आणि तुमच्याकडे ते सगळ्यात आधीच आलंय.

आता रिपोर्ट बघू. तुम्ही सगळे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, बहुतेक पत्रांत फक्त हिमोग्लोबिन असतं आणि तेवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. आईच्या रिपोर्टमध्ये माझी नजर हिमोग्लोबिनवर नाही तर बाकीच्या दोन ओळींवर अडकली. पांढऱ्या पेशी साधारण ४००० च्या वर हव्यात, त्या ३४०० आहेत, प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्या १ लाख २० हजार. वेगवेगळं बघितलं तर दोन्ही "थोडंसं कमी" आहेत आणि म्हणूनच कुणी लक्ष दिलं नसणार, पण तीनही प्रकारच्या पेशी एकदम कमी असतील तर संशय अस्थिमज्जेवर, म्हणजे बोन मॅरोवर जातो, कारण तिन्ही तिथेच तयार होतात. नुसत्या लोहाच्या कमतरतेत असं चित्र सहसा दिसत नाही.

दुसरं म्हणजे एमसीव्ही १०४. हा तांबड्या पेशीचा सरासरी आकार, नॉर्मल ८० ते १००. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, तुमच्या आईच्या मोठ्या झाल्यात. आणि फेरिटिन ३१० म्हणजे लोहाचा साठा भरलेला आहे. फेरिटिन सूज किंवा इन्फेक्शनमध्ये खोटं वाढतं हे मान्य, म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या लोहाची टक्केवारी, बघायचं असतं, ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा विचार करता येतो, पण मोठ्या पेशी आणि ३१० फेरिटिन असताना पाच महिने आयर्न कशासाठी चालू आहे हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, भांडायला म्हणून नाही, उत्तर हवंय म्हणून. एरवी लोह खरंच कमी असेल तर गोळी चालू केल्यावर तीनचार आठवड्यांत हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमने तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर एकतर निदान चुकलंय, किंवा गोळी पोटातून शोषली जात नाहीये, किंवा कुठून तरी रक्त जातंय. पाच महिने वाट बघायची गरजच नव्हती.

मग काय असू शकतं? माझ्या मते दोन गोष्टी सगळ्यात पुढे आहेत, एक सोपी आणि एक अवघड, आणि सोपी आधी तपासायची.

सोपी म्हणजे बी-१२. तुम्ही लिहिलंय २३०, लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये छापलं असणार कारण बऱ्याच लॅबची खालची रेषा २०० च्या आसपास असते, पण २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे, या पट्ट्यातल्या बऱ्याच लोकांच्या पेशींना प्रत्यक्षात बी-१२ पुरत नसतं. त्यात दहा वर्षं मेटफॉर्मिन आणि रोज ॲसिडिटीची गोळी, दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. म्हणजे कारण शोधायला लांब जायला नको. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड या दोन तपासण्यांनी खरं काय ते कळतं, बी-१२ खरोखर कमी पडत असेल तर दोन्ही वाढलेल्या येतात (किडनी अशक्त असेल तर तशाही वाढतात, तेवढं लक्षात ठेवून). रक्त घेऊन झालं की बहुतेक डॉक्टर इंजेक्शन सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत थांबत नाहीत. कमतरता हेच कारण असेल तर आठवड्याभरात रेटिक काउंट म्हणजे नवीन तांबड्या पेशींचा आकडा उसळतो आणि साधारण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन जागेवर येतं. बी-१२ कमी असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी होतात, म्हणजे आईचं सगळं चित्र एवढ्या एका गोष्टीनेही जुळू शकतं.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते. आयर्न-फॉलिक म्हणजे त्यात फॉलिक ॲसिड आलं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक दिलं तर रक्त काही काळ सुधारल्यासारखं दिसतं पण नसांचं नुकसान चालूच राहतं. आईला विचारा, पायाला मुंग्या येतात का, तळवे बधिर वाटतात का, अंधारात चालताना तोल जातो का, विसरभोळेपणा वाढलाय का. हो म्हणाली तर हे ताबडतोब डॉक्टरांच्या कानावर घाला. जुन्या किमोमुळेही हातापायाला मुंग्या येतात आणि लोक ते सगळं किमोच्या नावावर टाकून मोकळे होतात, पण किमोच्या मुंग्या किमो संपून सात वर्षांनी नव्याने सुरू होत नाहीत.

आता अवघड गोष्ट. ब्रेस्ट कॅन्सरच्या किमोमध्ये बऱ्याचदा सायक्लोफॉस्फमाइड आणि डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन असतं. कॅन्सरच्या पेशी मारताना ही औषधं बोन मॅरोतल्या मूळ पेशींच्या डीएनएलाही धक्का लावतात, रेडिएशनही लावतं, आणि फार थोड्या लोकांत या धक्क्यातून पुढे काही वर्षांनी मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे एमडीएस (मॅरो सदोष आणि अपुऱ्या पेशी बनवतो असा आजार), किंवा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, होतो. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनंतर आणि रेडिएशननंतर हे साधारण पाच ते दहा वर्षांनी दिसतं आणि आधी काही महिने ते वर्षभर पेशी हळूहळू कमी होत जातात, पेशींच्या क्रोमोसोम (गुणसूत्र) ५ आणि ७ मध्ये बिघाड सापडतो. डॉक्सोरुबिसिन, इटोपोसाइडच्या गटात मात्र ते लवकर, एक ते तीन वर्षांत आणि बहुधा एकदम ल्युकेमिया म्हणूनच समोर येतं. घाबरवायला हे लिहीत नाहीये. ब्रेस्ट कॅन्सरच्या वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दहा वर्षांत हे दोनशेतल्या साधारण एकीला झालं होतं. म्हणजे न होणाऱ्याच खूप जास्त. पण तीनही पेशी कमी, आकार मोठा, सात वर्षं उलटलेली, एवढं जुळत असताना हे नाही असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही. ओव्हरीच्या कॅन्सरनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्या घेतलेल्यांनाही हेच लागू, त्या गोळ्यांनी एरवीसुद्धा हिमोग्लोबिन उतरतं आणि पेशी मोठ्या होतात.

तुमचा मुख्य प्रश्न, कॅन्सर परत आलाय का. ब्रेस्ट कॅन्सर हाडांत, मॅरोत पसरला तरी ॲनिमिया होतो, पण तेव्हा बहुतेक वेळा सोबत हाडं दुखतात, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांत आणि यकृतात बनणारं एन्झाइम) किंवा कॅल्शियम वाढतं, आणि रक्ताच्या काचेवर म्हणजे पेरिफेरल स्मिअरमध्ये अर्धवट तयार झालेल्या पेशी आणि अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसतात. पेट स्कॅन क्लिअर आहे ही चांगलीच गोष्ट, पण तो कधी केला ते बघा, आणि पेटमध्ये एमडीएस पकडला जात नाही हेही लक्षात घ्या. "स्कॅन क्लिअर आहे म्हणजे ॲनिमियाचा कॅन्सरच्या ट्रीटमेंटशी संबंध नाही" असा अर्थ लावायचा नाही. जुना कॅन्सर दिसत नाही एवढंच तो स्कॅन सांगतो, जुन्या औषधांनी मॅरोचं काय केलं ते सांगत नाही. तुमच्या दोन्ही डॉक्टरांमध्ये नेमका हा मधला भाग कुणाच्याच वाट्याला आलेला नाहीये. एक कॅन्सर बघतोय, एक हिमोग्लोबिन बघतोय, जुनी ट्रीटमेंट आणि आजचं रक्त एकत्र कुणीच बघत नाहीये.

म्हणून सगळ्यात आधी घरातली जुनी फाइल काढा. माझ्या दृष्टीने ती निम्मी तपासणी आहे. कागदावर लिहून काढा: किमोची औषधं कोणती, किती वेळा, पूर्ण डोस झाले का मध्येच कमी केले, रेडिएशन शरीराच्या कुठल्या भागावर दिलं, नंतरची गोळी कुठली, सध्याच्या सगळ्या गोळ्या. फाइल हरवली असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून डिस्चार्ज समरी आणि किमोचे चार्ट मागा, मिळतात. आणि दुसऱ्या कागदावर जितके जुने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, सापडतील तितके तारखेप्रमाणे लावा, किमोच्या आधीचा, संपल्यानंतरचा, मग दरवर्षीचा, प्रत्येकात हिमोग्लोबिन, एमसीव्ही, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. एकट्या आजच्या रिपोर्टवरून जे कळत नाही ते या रांगेवरून कळतं. किमोनंतर हिमोग्लोबिन कधी नॉर्मल झालंच नव्हतं, की चार वर्षं छान होतं आणि मग घसरायला लागलं? प्लेटलेट गेल्या वर्षी किती होत्या? दोन वर्षांपूर्वीच एमसीव्ही ९८ होता का? दुसऱ्या प्रकारची घसरण, म्हणजे चांगलं होऊन मग उतरलेलं, मला जास्त काळजीची वाटते.

हे घेऊन हिमॅटॉलॉजिस्टकडे जा, रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, येत्या एकदोन आठवड्यांत, महिन्या-दोन महिन्यांनी नको. ते सहसा यातल्या तपासण्या सांगतील: पुन्हा सीबीसी आणि स्वतः बघितलेला स्मिअर (कधी कधी नळीतच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन आकडा खोटा कमी दाखवतं, स्मिअर बघितला की लगेच कळतं), रेटिक काउंट, एलडीएच, बिलिरुबिन, थायरॉइड, लिव्हर, किडनी, फॉलिक, सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. थायरॉइड विसरू नका, मानेच्या आसपास रेडिएशन लागलेलं असेल तर वर्षांनी थायरॉइड मंदावतो आणि त्यानेही ॲनिमिया होतो, पेशीही मोठ्या होतात. आणि बी-१२ भरून काढूनही पेशी सुधारल्या नाहीत, किंवा स्मिअरमध्येच काही विचित्र दिसलं, तर बोन मॅरोची तपासणी.

बोन मॅरोचं नाव काढलं की घरातले घाबरतात, कुणीतरी सांगतं मणक्यातून पाणी काढतात. नाही हो, मणक्याशी त्याचा काही संबंध नाही, कंबरेच्या मागच्या बाजूच्या हाडातून काढतात. जागा बधिर करून, पालथं किंवा कुशीवर झोपवून, अर्ध्या तासाच्या आत होतं. मॅरो ओढताना दोनचार सेकंद एक विचित्र ओढ लागते, ती बधिर करता येत नाही, आईला आधी सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. एक गोष्ट मात्र स्वतः विचारून घ्या, सॅम्पल क्रोमोसोमच्या तपासणीलाही पाठवणार ना. नुसता मायक्रोस्कोपखालचा रिपोर्ट अशा पेशंटला पुरत नाही, आणि क्रोमोसोम राहून गेले तर पुन्हा टोचावं लागतं. तो रिपोर्ट यायला दोनतीन आठवडे लागतात.

मधल्या काळात बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडली, काळी चिकट डांबरासारखी शी झाली (आयर्नच्या गोळीने शी काळपट होते, पण चिकट आणि घाण वासाची नाही), अंगावर लाल ठिपके किंवा निळे डाग उठले, किंवा ताप ३८ डिग्री सेल्सियसच्या वर गेला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. आणि रक्त चढवायची वेळ आलीच तर त्याआधी तपासण्यांचं रक्त काढून घेतलंय का विचारा, दुसऱ्याचं रक्त मिसळलं की पुढचे काही आठवडे अर्धे रिपोर्ट वाचता येत नाहीत.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, प्रोस्टेट कॅन्सर, रेडिएशन झालं आणि दोन वर्षांपासून दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) एकदम कमी. पण हिमोग्लोबिन १३.४ होतं ते ११.६ झालंय, बाकी सीबीसी पूर्ण नॉर्मल. कुणीच कारण सांगत नाही.

उत्तर: इंजेक्शनच कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन मॅरोला तांबड्या पेशी बनवायला लावत असतो, पुरुषांचं हिमोग्लोबिन बायकांपेक्षा जास्त असतं ते त्यामुळेच, आणि तुमच्या वडिलांना दिलेलं इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन बंद करण्यासाठीच आहे. साधारण पहिल्या सहाएक महिन्यांत एकदोन ग्रॅमने हिमोग्लोबिन उतरतं आणि मग तिथेच थांबतं, पेशींचा आकार नॉर्मल राहतो, पांढऱ्या आणि प्लेटलेटला काही होत नाही. तुमचं वर्णन तंतोतंत जुळतंय. तरी फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनिन एकदा करून घ्या कारण ७४ व्या वर्षी एकाच माणसात दोन कारणं असणं काही विशेष नाही. तिथून पुढेही उतरत राहिलं, १० च्या खाली गेलं, हाडं दुखायला लागली किंवा पीएसए हलला तर मग वेगळा विचार. इंजेक्शन बंद झाल्यावर हिमोग्लोबिन वर यायला बरेच महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. आणि कुणी "ताकदीची" म्हणून टेस्टोस्टेरॉनयुक्त काही देऊ केलं तर हातसुद्धा लावू नका.

प्रश्न: आईला चार वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, बाहेरून आणि आतून दोन्ही रेडिएशन झालं. आता हिमोग्लोबिन ७.९, एमसीव्ही ६८, फेरिटिन ६. आयर्नने वाढतं, बंद केलं की परत पडतं. खूप विचारल्यावर तिने आत्ता सांगितलं की शी करताना अधूनमधून रक्त जातं, वर्षभर लाजेने बोलली नव्हती.

उत्तर: म्हणजे इथे कोडं उरलंच नाही, उत्तर आईकडेच होतं. वर्षभर का बोलली नाही म्हणून तिला ओरडू नका प्लीज, कॅन्सरनंतर त्या जागेबद्दल बोलायला बायका अजून जास्त संकोचतात, आणि बऱ्याच जणींना वाटतं की रक्त म्हणजे कॅन्सर परत, मग सांगितलंच नाही तर खरं होणार नाही.

ओटीपोटाला रेडिएशन दिलं की गुदाशयाच्या आतल्या पातळ रक्तवाहिन्या खराब होतात आणि महिन्यांनी, वर्षांनी तिथून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, याला रेडिएशन प्रॉक्टायटिस म्हणतात. रोज चमचाभर गेलं तरी वर्षभरात लोहाचा साठा रिकामा होतो. पण गृहीत धरून बसायचं नाही, कोलोनोस्कोपी करायचीच, कारण या वयात लोह कमी म्हणजे मोठ्या आतड्याचा दुसरा कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. बहुतेक वेळा वरून जठराची दुर्बीणही सोबत करतात. दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना आधीच, स्वतः तोंडाने सांगा की इथे रेडिएशन झालंय. कारण रेडिएशन लागलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढला तर ती जखम भरत नाही आणि योनीमार्गाशी भोक पडण्याची भीती असते, त्यामुळे तिथली बायोप्सी शक्यतो टाळतात. झिरपणाऱ्या वाहिन्या आर्गॉन प्लाझ्मा नावाच्या पद्धतीने दुर्बिणीतूनच जाळता येतात, सुक्रालफेटचा एनिमाही उपयोगी पडतो. लघवीतही रक्त जातंय का तेही विचारा, मूत्राशयाचं तसंच होऊ शकतं.

लोह मात्र आता गोळीपेक्षा सलाइनमधून द्यायला सांगा. ७.९ वर आणि सतत गळती असताना गोळी पुरी पडणार नाही. बी-१२ सुद्धा तपासा, ते शोषणारा लहान आतड्याचा शेवटचा भाग ओटीपोटातच असतो, त्यालाही किरणं लागलेली असतात.

प्रश्न: बाबांचं पूर्ण जठर काढलंय, पाच वर्षं झाली. पहिली दोनतीन वर्षं रक्त छान होतं म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं आम्ही बंद केली. आता ॲनिमिया. एवढ्या उशिरा कसा?

उत्तर: कारण यकृतात बी-१२ चा काही वर्षांचा साठा असतो. जठर गेलं की बी-१२ शोषायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टर गेला, पण साठा संपेपर्यंत काहीच दिसत नाही, तीन ते पाच वर्षांनी दिसतं. इंजेक्शन आयुष्यभराचं आहे, रिपोर्ट छान आला म्हणून बंद करायचं नसतं, इंजेक्शन चालू होतं म्हणूनच तो छान आला होता. जठरातलं ॲसिड नाही म्हणून लोहही नीट शोषलं जात नाही, दोन्ही कमतरता एकदम असतील तर एकीने पेशी लहान होतात, एकीने मोठ्या, आणि एमसीव्ही सरासरीत नॉर्मल येऊन सगळ्यांना फसवतो. तेव्हा एमसीव्ही ९० आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हे दोन्ही भरूनही पांढऱ्या पेशी कमीच राहिल्या आणि चालताना पाय लटपटत असतील तर तांबं तपासायला सांगा, कॉपर, हे फार कमी डॉक्टरांच्या डोक्यात येतं आणि त्याच्या कमतरतेचं चित्र थेट एमडीएससारखं दिसतं.

प्रश्न: आमच्या आईचं (७९) सगळं करून झालं, दोन्ही दुर्बिणी, बोन मॅरो, क्रोमोसोम, सगळं नॉर्मल. पंधरा वर्षांपूर्वी लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) किमो झाली होती. हिमोग्लोबिन १०.३ वर अडकलंय. डॉक्टर म्हणतात "अनएक्सप्लेन्ड", म्हणजे कारण सापडत नाही. याला काय अर्थ आहे?

उत्तर: अर्थ आहे, आणि डॉक्टर टाळत नाहीयेत. अमेरिकेत १९८८ ते १९९४ मध्ये झालेल्या मोठ्या आरोग्य पाहणीत ६५ च्या पुढच्या ॲनिमिया असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत लोह, बी-१२ किंवा फॉलिकची कमतरता होती, एक तृतीयांशात किडनी किंवा जुनाट आजार, आणि उरलेल्या एक तृतीयांशात कारण सापडलंच नाही. तुमची आई त्या तिसऱ्या गटातली.

दोन गोष्टी तरीही विचारा. एक, किडनी खरंच तपासली का, नुसतं क्रिएटिनिन नाही तर ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज. बारीक वृद्ध बाईचं क्रिएटिनिन १.१ दिसायला नॉर्मल असतं पण स्नायूच कमी असल्यामुळे प्रत्यक्षात किडनी निम्म्यानेच चाललेली असू शकते, आणि मॅरोला ऑर्डर देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच बनवते. किमोत सिस्प्लॅटिन किंवा आयफॉस्फमाइड होतं का तेही फाइलमध्ये बघा, दोन्ही किडनीला त्रास देतात. दोन, मॅरोच्या सॅम्पलवर किंवा रक्तावर जीन म्युटेशनची तपासणी झालीय का. किमो झालेल्यांच्या रक्तात टीपी-५३, पीपीएम-१-डी अशा जीनमध्ये बदल झालेल्या पेशींचा गट कधी कधी वाढलेला सापडतो, मॅरो दिसायला नॉर्मल असतानासुद्धा. सापडला तर लगेच ट्रीटमेंट असते असं नाही, पण लक्ष जास्त जवळून ठेवावं लागतं.

एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. किडनीमुळे झालेल्या ॲनिमियात ते चांगलं औषध आहे, साधारण १० च्या खाली गेल्यावर सुरू करतात आणि साडेअकराच्या वर नेत नाहीत, कारण त्यापुढे गुठळ्या आणि स्ट्रोकचा धोका वाढतो. कॅन्सर होऊन गेलेल्यांत ते आणखी जपून देतात. १०.३ वर, कारण माहीत नसताना, मी तरी ते घाई करून देणार नाही. रक्त चढवायचीही आत्ता गरज नाही, स्थिर पेशंटला ते साधारण ७ च्या खाली, हृदयाचा आजार असेल तर ८ च्या खाली विचारात घेतात, आणि या वयात भराभर चढवलेलं रक्त फुप्फुसात पाणी करतं. दर तीन महिन्यांनी सीबीसी करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये. हिमोग्लोबिन एक ग्रॅमने उतरलं, एमसीव्ही वर चढायला लागला किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आल्या तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात हिमॅटॉलॉजिस्टला रिपोर्ट दाखवायचा, आणि दुसऱ्यांदा मॅरो करावा लागला तर त्यांना आठवण करून द्या की लिम्फोमाच्या वेळी कंबरेला रेडिएशन झालं होतं की नाही, झालं असेल तर त्या जागेचा मॅरो आधीच ओसाड असतो आणि सॅम्पल दुसरीकडून, छातीच्या मधल्या हाडातून घ्यावं लागू शकतं.